खाटकाच्या हाताखाली

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत, आरती आटोपून आम्ही प्रसादाच्या रांगेत उभे होतो. एका मित्राने मला हाताला धरून बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अरे, तू पुस्तकंबिस्तकं वाचतोस ना? एखादं असं पुस्तक सांग, की जे वाचून आमच्या चिरंजीवांच्या डोक्यातलं खूळ जाईल." चिरंजीव एकोणीस वर्षांचे. कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून घरी आले आणि आईवडिलांना म्हणाले की पुढच्या सेमिस्टरची फी भरू नका, मला खाटकाच्या दुकानात उमेदवारी करायची आहे.

मित्र मूळचा कोल्हापूरचा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा विषय निघाला की त्याला थांबवणं मुश्कील. मटण कोवळं कसं ओळखायचं, मांडीचं घ्यायचं की फऱ्याचं, नळी कुणाच्या ताटात पडली पाहिजे, यावर तो तासभर बोलेल. पण हे सगळं ज्याच्या हातून येतं त्या माणसाच्या जागी स्वतःचा मुलगा उभा राहणार म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला होता. मी हसलो खरा, पण घरी येताना गाडीत वाटलं, माझ्या मुलीने उद्या हेच सांगितलं तर मी काय वेगळा वागणार आहे?

मी 'बघतो' म्हणालो आणि खरोखरच बघायला लागलो. वीस वर्षांत इंग्रजीत या विषयावरच्या पुस्तकांची एक लहानशी लाट येऊन गेली आहे. सुशिक्षित, शहरी, बहुधा लेखन-संपादनाच्या धंद्यातला माणूस मधल्या वयात उठतो, एखाद्या खाटकाच्या हाताखाली उमेदवारी करतो आणि मग त्यावर पुस्तक लिहितो. अशी तीन पुस्तकं मी लागोपाठ वाचली. चौथं वाचलं ते त्या पठडीतलं नाही, आणि त्यातली विषयापुरती पानंही थोडीच आहेत. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं त्या पानांनी. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी यातलं पहिलं पुस्तक वाचलं असेल, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

बिल ब्यूफर्ड यांचं 'हीट' २००६ साली आलं. ब्यूफर्ड हे 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाचे कथाविभागाचे संपादक होते. त्याआधी इंग्लंडमध्ये 'ग्रँटा' या नियतकालिकाचे संपादक. थोडक्यात, आयुष्यभर दुसऱ्याच्या वाक्यांची छाटणी केलेला गृहस्थ. २००२ साली ते न्यू यॉर्कमधल्या 'बाबो' या इटालियन रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात बिनपगारी हरकाम्या म्हणून शिरले. गाजराचे तुकडे एकसारखे येईनात, बोटं कापली, चटके बसले, वरच्यांची बोलणी खाल्ली. पुस्तकाचा हा पहिला भाग वाचायला गमतीचा आहे, पण मी तो आज पुन्हा वाचताना अडखळलो. या भागाचा नायक आहे बाबोचा मालक मारिओ बटाली. डिसेंबर २०१७ मध्ये अनेक स्त्रियांनी त्याच्यावर गैरवर्तनाचे आरोप केले आणि तो धंद्यातून बाजूला झाला. ब्यूफर्डनी ज्या दांडगेपणाकडे कौतुकाने आणि मिस्कीलपणे पाहिलं, त्याकडे आता तसं पाहवत नाही. हा दोष वाचकाच्या बदललेल्या नजरेचा नाही. लेखकाला ते सगळं दिसत होतं, लिहिण्यासारखंही वाटलं होतं, फक्त त्यावर थांबावंसं वाटलं नाही.

पुस्तकाचा जीव आहे तो शेवटच्या भागात. इटलीच्या तोस्काना प्रांतात, कियान्ती भागात, पान्झानो नावाचं डोंगरावरचं लहानसं गाव आहे. तिथे डारियो चेक्कीनी नावाचा खाटीक राहतो. घराण्यात हा धंदा आठ पिढ्यांचा. डारियोने मात्र पिसा विद्यापीठात पशुवैद्यकाचा अभ्यास सुरू केला होता. वडील गेले, तेव्हा शिक्षण सोडून तो दुकानात येऊन उभा राहिला. (कॉलेज सोडण्याचा हा तपशील मी मित्राला अजून सांगितलेला नाही.) दुकानात मोठ्याने संगीत चालू असतं, गिऱ्हाइकाला वाइन मिळते, आणि मालक दान्तेचं काव्य मोठमोठ्याने म्हणत असतो. २००१ साली 'मॅड काऊ' रोगाच्या भीतीने युरोपीय महासंघाने हाडासकट बीफ विकण्यावर बंदी आणली, तेव्हा या गृहस्थाने हाडासकटच्या फ्लोरेन्टाईन स्टेकची चक्क अंत्ययात्रा काढली. शवपेटीसकट.

इतकं नाटकी पात्र हाती लागल्यावर कुठल्याही लेखकाला मोह होईल, आणि ब्यूफर्डना तो झालाच आहे. पण डारियोच्या जोडीला दुकानात एक म्हातारा आहे, त्याला सगळे 'मायेस्त्रो' म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत मास्तर किंवा उस्ताद. खरं शिक्षण होतं ते त्याच्याकडून. आणि इथे ब्यूफर्डच्या लेखणीचा सूरच बदलतो. विनोद मागे पडतो. मोठ्या जनावराची मांडी समोर ठेवलेली असते. तिच्यात वेगवेगळे स्नायू असतात, प्रत्येकाचा आकार वेगळा, तंतूंची दिशा वेगळी, काम वेगळं, म्हणून शिजण्याचा वेळही वेगळा. दोन स्नायूंच्या मधे एक पातळ पांढुरका पडदा असतो. सुरीचं टोक त्या पडद्यात शिरलं की फारसा जोर लागत नाही, स्नायू आपापले सुटे होत जातात. जोर लागतोय याचा अर्थ सुरी चुकीच्या जागी आहे. वाचून हे कळतं, पण हाताला कळायला ब्यूफर्डना पुष्कळ दिवस लागतात. मनगट आवळलेलं राहतं, सुरी स्नायूत घुसते, चांगल्या तुकड्याचा खिमा करण्याजोगा चुरा होतो. आणि मग एके दिवशी आपण काय करतोय याचा विचार न करता हात चालायला लागतो.

माझ्यासारख्या माणसाला, ज्याने गेल्या वीस वर्षांत कीबोर्डाखेरीज कुठलंही हत्यार हातात धरलेलं नाही, ही पानं अस्वस्थ करतात. आम्ही 'शिकलो' म्हणतो ते बहुतेक वेळा वाचलेलं असतं. चुकलं तर 'अनडू' करता येतं. मांडीवर 'अनडू' नाही.

'हीट'ची आणखी एक जमेची बाजू म्हणजे लेखक स्वतःच्या श्रद्धेला तडा जाऊ देतो. पान्झानोला येणाऱ्या पर्यटकांची समजूत अशी, की इथलं मांस म्हणजे याच टेकड्यांवर चरलेल्या पांढऱ्या कियानिना बैलांचं. परंपरा, माती, गवत वगैरे. पुस्तकात उघड होतं की डारियो गोमांस मागवतो स्पेनहून! कारण तिथला पाळणारा त्याला भरवशाचा वाटतो. नावाजलेली जात असली तरी आता ती पूर्वीसारखी कुणी वाढवत नाही, असं त्याचं म्हणणं. एखाद्या भाबड्या लेखकाने ही गोष्ट दडवली असती किंवा तिचा गौप्यस्फोट केला असता. ब्यूफर्ड ती नुसती टेबलावर ठेवतात आणि पुढे जातात. मला हा प्रसंग फार आवडला. परदेशात राहून 'अस्सल' कोल्हापुरी मसाल्याच्या शोधात असणाऱ्या आपल्या सगळ्यांनी तो जरूर वाचावा.

न्यू यॉर्कला परतल्यावर ब्यूफर्ड बाजारातून एक अख्खं डुक्कर विकत घेतात, स्वतःच्या स्कूटरवर लादून घरी आणतात आणि अपार्टमेंटच्या लिफ्टमधून वर नेतात. लिफ्टमध्ये एक सूटबूटवाला शेजारी भेटतो. हे पान मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्या कॉम्प्लेक्समध्ये असलं काही करू नकोस, एचओए नोटीस पाठवेल."

पण 'हीट'चा शेवट पाहिला की त्याची मर्यादा कळते. तिथे बटाली सुचवतो की आता स्वतःचं रेस्टॉरंट काढ, आणि ब्यूफर्डच्या लक्षात येतं की आपल्याला फ्रान्सला जायचंय. पुढे ते गेलेही, त्यावर 'डर्ट' हे पुस्तक २०२० साली आलं. हा शोध म्हणजे एक प्रवास आहे. प्रवासी कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं.

दुसरं पुस्तक जूली पॉवेल यांचं 'क्लीव्हिंग', २००९ सालचं. 'ज्यूली अँड ज्यूलिया' हा मेरिल स्ट्रीपचा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. तो ज्यांच्या पहिल्या पुस्तकावरून निघाला, त्याच या बाई. त्यांचं ऑक्टोबर २०२२ मध्ये अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी निधन झालं, त्यामुळे या पुस्तकाबद्दल कठोर लिहिताना हात जरा जड होतो. पण लिहायला हवं. पॉवेलबाई न्यू यॉर्क शहरातून गाडी हाकत किंग्स्टन या गावी जात आणि 'फ्लायशर्स' नावाच्या दुकानात काम शिकत. ते दुकान चालवणारं जोडपं आधी मांसाहार न करणारं होतं, हा एक मोठा मजेदार विरोधाभास. पण पुस्तकात उमेदवारी हा निम्मा विषय. उरलेला निम्मा म्हणजे लेखिकेचं लग्न आणि लग्नाबाहेरचं प्रेमप्रकरण. शीर्षकातल्या इंग्रजी शब्दाला दोन परस्परविरोधी अर्थ आहेत, चिरणं आणि घट्ट बिलगणं. त्या श्लेषावर सगळी इमारत उभी केलेली आहे.

इथेच घोटाळा होतो. लेखिका बरगड्यांपासून मांस सोडवायला लागते, तेव्हा आपण पुढे सरसावून बसतो. सुरी कुठल्या बाजूने आत जाणार, हाडाला चिकटलेला पडदा कसा निघणार, हे बघायचं असतं. तेवढ्यात त्या बरगडीची नवऱ्याशी असलेल्या नात्याची उपमा होते आणि हातातलं काम अर्धवट राहतं. दोनचार वेळा हे चालतं. मग आपल्याला उपमा येताना आधीच दिसायला लागते. पुस्तकाच्या शेवटी अर्जेंटिना, युक्रेन, टांझानिया असा दौरा आहे, तोही याच कारणाने सैल वाटतो. पॉवेल धीट होत्या, स्वतःला सांभाळून घेत नव्हत्या, हे मान्य. पण दुकानातली ती माणसं, टेबलं, सुऱ्या, सगळं लेखिकेच्या दुःखाच्या सेवेला लावलेलं आहे. त्या मुलाला हे पुस्तक दिलं असतं तर त्याला प्रेमभंगाबद्दल बरीच माहिती मिळाली असती.

तिसरं, कॅमस डेव्हिस यांचं 'किलिंग इट', २०१८ साली आलेलं. या बाई मासिकांतून खाण्यापिण्यावर लिहायच्या. २००९ साली पोर्टलंडमधली नोकरी गेली आणि त्या फ्रान्समधल्या गॅस्कनी भागात शापोलार कुटुंबाकडे शिकायला गेल्या. हे कुटुंब डुकरांसाठी धान्य स्वतः पिकवतं, डुकरं स्वतः पाळतं, कापणी स्वतः करतं आणि आठवडी बाजारात दुकान मांडून स्वतः विकतं. शेतापासून गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत मधे दुसरा हात नाही. डेव्हिस यांचं लेखन ब्यूफर्डइतकं चमकदार नाही, मधल्या भागात पुस्तक रेंगाळतं. पण एक प्रश्न त्या टाळत नाहीत, आणि तो म्हणजे मारण्याचा. बाकीच्या दोन पुस्तकांत मांस बहुतेक वेळा 'आलेलं' असतं. इथे लेखिका जनावर मरताना उभी राहून बघते आणि स्वतःला काय वाटलं ते सुशोभित न करता सांगते. परत आल्यावर त्यांनी पोर्टलंडमध्ये सामान्य लोकांना अख्खं जनावर कापायला शिकवणारे वर्ग काढले. म्हणजे शिकलेलं वाटून टाकलं. मित्राच्या मुलासाठी हे पुस्तक मी यादीत ठेवलं.

आता चौथं. जीन लेव्ह आणि एतियन वेंगर यांचं 'सिच्युएटेड लर्निंग', १९९१. छोटंसं पुस्तक, भाषा विद्वज्जड, आणि मुखपृष्ठ पाहून कुणी उचलणार नाही असं. माणसं काम करता करता कशी शिकतात, याची पाच उदाहरणं त्यात तपासली आहेत. मेक्सिकोतल्या युकातानच्या सुईणी, लायबेरियातले शिंपी, अमेरिकन नौदलातले दिशादर्शक, दारू सोडलेल्यांचा गट, आणि अमेरिकन सुपरमार्केटातले खाटीक. पैकी खाटकांची हकीकत १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या हॅना मीरा मार्शल यांच्या अभ्यासावरून घेतलेली आहे. बाकीच्या उदाहरणांत शिक्षण कसं जमतं ते दिसतं. खाटकांच्या उदाहरणात ते कसं फसतं, ते दिसतं.

उमेदवार ट्रेड स्कूलमध्ये जात. तिथे त्यांना मोठी अंगं फोडायला शिकवत, जी सुपरमार्केटात फारशी कुणी फोडत नव्हतं. सुरीला धार लावायला शिकवत, आणि दुकानात धार लावलेल्या सुऱ्या बाहेरून तयार येत. मग प्रत्यक्ष दुकानात गेल्यावर त्यांना उभं करत कुठे? प्लॅस्टिक गुंडाळायच्या यंत्रापाशी. मॅनेजरच्या हिशेबाने हे बरोबरच होतं. एक काम पटापट करणारा माणूस त्याच कामावर ठेवला की खर्च वाचतो. पण काही दुकानांत मांडणी अशी की गुंडाळणारा उमेदवार आणि कापणारे कारागीर एकमेकांना दिसतच नसत. मागच्या खोलीत जायचीच भीती वाटते, तिथे आपण उपरे वाटतो, अशा अर्थाचं एका उमेदवाराने सांगितलेलं त्यात नोंदलेलं आहे. नावाला उमेदवारी, पण बघायला काही नाही. आणि ज्याला बघायला मिळत नाही तो शिकणार कसा?

या पानांवर मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. मास्टर्स करून बाहेर पडल्यावर पहिल्या नोकरीत मला जवळजवळ दोन वर्षं टिकिटं नोंदवायला आणि टेस्ट केसेस चालवायला बसवलं होतं. काचेपलीकडच्या खोलीत व्हाइटबोर्डासमोर उभी राहून मंडळी सिस्टिमची रचना ठरवत. आम्हाला ती बोर्ड पुसल्यानंतर कळे, कागदावर. कंपनीची चूक म्हणावी तर तिचं गणितही तेच होतं, गुंडाळण्याच्या यंत्राचं. आणि खरं सांगायचं तर आज मी कन्सल्टंट म्हणून ज्या नव्या मुलांना कामं नेमून देतो, त्यांतल्या किती जणांना मी काचेच्या आत बोलावतो? हा लेख लिहिता लिहिता मोजलं. संख्या सांगण्यासारखी नाही.

ही अवस्था आपोआप आली नाही. आयोवा बीफ पॅकर्स ही कंपनी १९६० साली निघाली आणि त्याच दशकाच्या अखेरीस तिने 'बॉक्स्ड बीफ' बाजारात आणलं. आधी अर्धं किंवा पाव जनावर आख्खं दुकानात यायचं आणि तिथला खाटीक ते सोडवायचा. आता ते कारखान्यातच तुकडे होऊन, प्लॅस्टिकमध्ये निर्वात बंद होऊन, खोक्यातून यायला लागलं. कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभा असलेला माणूस दिवसभर एकच काप घेतो, आणि दुकानातला माणूस खोकं उघडतो. ज्याला अख्खं जनावर कळतं असा माणूस दोन्ही टोकांना लागेनासा झाला. आपला धंदाही 'मॉड्यूल' पाडून असाच वाटला गेला. तेव्हा हा इतिहास माहीत असता तर आउटसोर्सिंगच्या वेळी आपण इतके चकित झालो नसतो. जर्मनीत आजही खाटकाची उमेदवारी तीन वर्षांची असते, शेवटी परीक्षा असते, आणि त्यावर 'माइस्टर'ची पदवी घेता येते. अमेरिकेत ब्यूफर्ड आणि मंडळींना इटली-फ्रान्स गाठावं लागलं, त्याचं एक कारण या खोक्यांत आहे.

इथवर सगळं इंग्रजी झालं. पण वाचताना सारखं डोक्यात येत होतं की खाटकाकडे शिकायला जाण्याची गोष्ट आपल्याला नवी कुठे आहे? महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या धर्मव्याधाकडे ज्ञान घ्यायला जातो. व्याध दुकान आटोपून त्याला घरी नेतो आणि धर्म समजावतो. वाडवडिलांपासून आलेला धंदा आहे, मी स्वतः मारत नाही, दुसऱ्याने मारलेलं विकतो, असंही सांगतो. आणि तुकोबांच्या एका अभंगात, भक्तांच्या कामाला हात लावणारा देव सजन कसायाबरोबर मांस विकायलाही बसतो. आपल्याच परंपरेत इतकी मोठी मोकळीक आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण समीक्षकाच्या चष्म्यातून पाहिलं तर कौशिक तिथे धर्म शिकला, मांस कापायला शिकला नाही. व्याधाच्या सुरीकडे त्याने एकदाही पाहिलेलं नाही. चीनमध्ये च्वांग त्झूच्या गोष्टीतला डिंग नावाचा बल्लव निदान आपली सुरी दाखवतो. एकोणीस वर्षं तीच वापरतो आहे आणि धार अजून ताजी, कारण ती हाडावर कधी आपटत नाही, सांध्यांतल्या मोकळ्या जागेतून फिरते. पान्झानोच्या मास्तराने हे वाचलं असेल असं वाटत नाही, पण शिकवलं हेच.

मग आपल्याकडे सुरीकडे बघणारं पुस्तक नाहीच का? आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म', २०१५ साली आलेलं. त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली निघाला. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याची ती नोंद आहे. जनावराचं कुठलं अंग कसं शिजवायचं, रक्ताचं काय करायचं, वजडी कशी साफ करायची, मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या कशा करायच्या, सगळं तिथल्या शब्दांत लिहिलेलं आहे. पाश्चात्त्य शेफ ज्याला आता 'नाकापासून शेपटीपर्यंत' म्हणून मिरवतात, ते या पुस्तकात गरज म्हणून आलेलं आहे. ज्या साली पुस्तक आलं, त्याच साली महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हणजे ज्या ज्ञानाची ही नोंद आहे त्यातलं बरंच काही बेकायदा होत होतं.

पाटोळ्यांचं पुस्तक वाचून झाल्यावर ब्यूफर्ड मला पुन्हा वाचवेना. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला आपल्या लोकांना सांगितलं होतं की मेलेली जनावरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडा. लोकांनी सोडलं, त्यापायी गावांचा रोष सोसला. त्यांच्यासाठी सुरी खाली ठेवणं ही मुक्ती होती. 'न्यू यॉर्कर'च्या संपादकासाठी ती हातात घेणं ही मुक्ती होती. दोघंही खरे आहेत. पण हीटमध्ये, क्लीव्हिंगमध्ये, किलिंग इटमध्ये जन्माने ही सुरी हातात आलेला आणि ती टाकू पाहणारा माणूस शोधून सापडत नाही. डारियोच्या आठ पिढ्या आहेत खऱ्या, पण त्या त्याच्या वैभवाचा भाग आहेत. हा या तिन्ही पुस्तकांचा मोठा उणेपणा मला वाटतो, आणि तो आपल्या घरात वाढलेल्या वाचकाला जितका जाणवेल तितका अमेरिकन समीक्षकांना जाणवला नसावा.

आमच्या गावात एक हलाल दुकान आहे. चालवणारे चाचा हैदराबादचे. तुम्ही काम कसं शिकलात म्हणून विचारलं, तर गोठलेल्या बोकडाचे बँडसॉवर करी कट करता करता म्हणाले, "देखके." किती वर्षांचे होतात? "बारा." मुलाला शिकवलंत? चाचांनी करवत बंद केली. "वो फार्मसी में है," म्हणाले, आणि पुन्हा चालू केली. कॅमस डेव्हिसच्या वर्गात लोक फी भरून जे शिकतात, ते चाचांनी मुलाला शिकू दिलं नाही. माझा कोल्हापूरचा मित्रही नेमका हेच करतो आहे, फक्त त्याचे वाडवडील काउंटरच्या या बाजूला उभे होते.

मुलाला मी शेवटी काय दिलं? 'हीट' दिलं, पण खूण घालून दिली पान्झानोपासून. पहिला भाग नंतर वाच म्हटलं. 'किलिंग इट' दिलं. पाटोळ्यांचं पुस्तक इंग्रजी अनुवादात दिलं, कारण त्याचं मराठी रविवारच्या शाळेपुरतंच आहे. आणि लेव्ह-वेंगर यांच्या पुस्तकातली खाटकांवरची पानं झेरॉक्स करून दिली. ब्यूफर्डच्याच पुस्तकातली एक गोष्ट मी त्याच्या वडिलांसाठी राखून ठेवली होती, ती फोनवर सांगितली. मारिओ बटालीचे वडील आर्मान्दिनो तीन दशकं बोइंगमध्ये इंजिनियर होते. निवृत्तीनंतर ते याच डारियोकडे उमेदवारीला गेले आणि १९९९ साली त्यांनी सिअ‍ॅटलमध्ये सुकवलेल्या मांसाचं दुकान काढलं. मित्र म्हणाला, "बघ, आधी इंजिनियर झाला ना!"

तीन आठवड्यांनी मुलाचा फोन आला. पुस्तकांबद्दल काही बोलेल म्हणून मी कान टवकारले. तो म्हणाला, "काका, मी ज्या शॉपमध्ये जॉइन होणार आहे ना, तिथे रॅपिंग टेबल कुठे आहे ते आधी जाऊन बघू का?"

आम्ही दोघं एका शनिवारी गेलो. टेबल कापायच्या ओंडक्याला लागूनच आहे, मधे भिंत नाही. मालकीणबाईंनी त्याला एप्रन दिला आणि सुरी दिली नाही. पहिले सहा महिने फक्त साफसफाई आणि बघणं, असं बजावलं. तो जूनपासून जातो आहे. कोल्हापूरला आजीला 'फूड प्रोसेसिंग'मध्ये आहे, एवढंच कळवण्यात आलं आहे.